हौशी रेडिओ मंडळे निद्रिस्त का होतात?

मे २०२१ च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब आडवे झाले आणि राज्याच्या बऱ्याच भागात काळोख पसरला. त्या काळोखापेक्षाही माणसे अधिक अस्वस्थ झाली ती खिशातील भ्रमणध्वनी मुका झाला तेव्हा. शेजारच्या तालुक्यात दिलेल्या लेकीची खुशाली विचारण्याचीही सोय उरली नव्हती. अशा प्रसंगी कोणाला तरी हौशी रेडिओवाल्यांची हटकून आठवण होते. ही मंडळी कोठे आहेत, त्यांची यंत्रे चालू आहेत काय, अशी विचारपूस होते. वादळ ओसरले की आठवणही ओसरते.

याबद्दल शासनाला दोष देणे सोपे आहे, आणि अग्रलेखांचे ते आवडते कामही आहे. परंतु आज आम्हांस थोडा दोष हौशी रेडिओ मंडळांच्याच पदरी घालावयाचा आहे. ऐन वेळी आपण कामास येऊ, या एकाच समर्थनावर जी मंडळे उभी राहतात ती ती वेळ येण्यापूर्वीच झोपी जातात, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

ज्यांना हा छंद अपरिचित आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेल्या नागरिकास आपल्या घरी बिनतारी प्रेषण केंद्र चालविता येते. रेडिओशास्त्राची मूलतत्त्वे आणि नियम हे परीक्षेचे विषय. वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपीही यावी लागते. परवानाधारकास ‘व्हीयू’ने आरंभ होणारे संकेतनाम मिळते आणि तेच पुढे त्याचे खरे नाव होऊन बसते. या लहरींवर धंदा करता येत नाही, गाणी वाजविता येत नाहीत, राजकारण बोलता येत नाही. मग उरते काय, असे विचारणारे भेटतात. उरते ते एवढेच की, रात्री आपण हाक द्यावी आणि दुसऱ्या खंडातील एखाद्या अनोळखी माणसाने तिला ओ द्यावी. मध्ये ना तार, ना मनोरा, ना महिन्याचे बिल. भारतात १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून सुरू झालेल्या या छंदाने शंभरी ओलांडली आहे.

रेडिओचे मोल गोमंतकीयांना तर निराळे सांगावयास नको. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडील जंगलात राहून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे भूमिगत केंद्र चालविले. ते हौशी केंद्र नव्हते. तो लढा होता, आणि त्याची तुलना कोणत्याही छंदाशी करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तरीही एक गोष्ट त्यातून ध्यानी घेण्याजोगी आहे. मूठभर माणसे आणि एक प्रेषकयंत्र अरण्यात सहा वर्षे टिकले. ध्येयनिष्ठा तर होतीच. पण त्याबरोबर ठरलेल्या वेळी बोलावयाचे आहे आणि सीमेअलीकडे कोणीतरी कानांत प्राण आणून वाट पाहत आहे, ही जाणीवही होती. छोट्या मंडळांत नेमक्या याच दोन गोष्टींची वाण पडते. वेळ ठरलेली नसते आणि वाट पाहणारा कोणी नसतो.

अशा मंडळाचा जीवनक्रम बहुधा ठरीव असतो. एखादा अभियंता, एखादा शिक्षक, रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारा एखादा कसबी कारागीर आणि महाविद्यालयातील चार मुले एकत्र येतात. पहिल्या वर्षी उत्साहाला भरती असते. दुसऱ्या वर्षी वर्गणी काढून डोंगरमाथ्यावर रिपीटर बसविला जातो आणि त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. (आमच्याकडे अशी छायाचित्रे आली आहेत आणि आम्ही ती आनंदाने छापली आहेत.) तिसऱ्या पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्याने त्याच्या जोडण्यांवर हिरवे किटण चढते आणि डोंगरावर कोणी जायचे यावर सभा भरते. चौथ्या वर्षी मुले नोकरीसाठी पुणे-बंगळुरूकडे किंवा आखातात जातात. त्यानंतर मंडळ उरते ते केवळ भ्रमणध्वनीवरील गटात. ज्या यंत्राशिवाय संदेश पाठविण्याची विद्या शिकण्यासाठी ही माणसे एकत्र आली, त्याच यंत्रावरून ती एकमेकांना सुप्रभात चिंतितात! अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार सारे जागच्या जागी असतात. फक्त हवेत आवाज नसतो.

आपत्तीत उपयोगी कोण पडले, याचा इतिहास पाहू. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही हौशी रेडिओवाले अंदमानास गेले होते. अंदमानातून हौशी प्रक्षेपण करण्याची अनुमती दुर्मिळ. तेथील संकेतनामाशी संपर्क साधावयास जगभरचे छंदिष्ट आतुर होते. ही मंडळी पोर्ट ब्लेअरमध्ये बसून त्या हाकांना उत्तरे देत होती. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र चालून आला, आणि कालपर्यंत ज्या यंत्रांवरून गमतीचे संपर्क चालले होते त्यांवरूनच बेटांची खबर मुख्य भूमीकडे जाऊ लागली. पुढे कार निकोबारसारख्या उद्ध्वस्त बेटावरूनही त्यांनी संदेश पोचविले. आमच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, ते तेथे आपत्तीसाठी गेलेच नव्हते. ते हौसेसाठी गेले होते आणि हौसेमुळेच त्यांची तार ताणलेली, यंत्र तापलेले व कान सरावलेले होते. आपत्तीची तयारी म्हणून पेटीत बंद करून ठेवलेले यंत्र आपत्तीच्या दिवशी उघडले की प्रथम कळते ते हे, की बॅटरी केव्हाच मेली आहे.

म्हणून हौस जिवंत कशी राहील, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यास फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. आमच्या गावोगावच्या नाट्यमंडळींकडे पाहावे. वर्षभर त्यांचे कोणाशी कोणाचे पटत नाही. तरीही देवाच्या जत्रेला नाटक उभे राहते, कारण तिथी ठरलेली आहे आणि ती कोणाच्या सोयीसाठी पुढे ढकलता येत नाही. शिवाय त्या नाटकात प्रत्येकाला काम असते. ज्याला अभिनय येत नाही तो पडदा ओढतो; ज्याला तेही जमत नाही तो खुर्च्या मांडतो, आणि पुढच्या वर्षी तोच भालदार होऊन रंगमंचावर येतो. रेडिओ मंडळाला असा जत्रेचा दिवस हवा.

अमेरिकेतील हौशी रेडिओवाल्यांनी १९३३ पासून तो पाळला आहे. जून महिन्याच्या अखेरीस एकदा ते घर सोडून माळावर, डोंगरावर, उद्यानात जातात. तंबू ठोकतात, तारा ताणतात, आणि सरकारी विजेचा आधार न घेता चोवीस तास जगाशी बोलत राहतात. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालते आणि एका पथकाचा आवाज थकला की दुसरे पुढे होते; त्यातलाच हा प्रकार. अर्थात जूनमधील आमचा पाऊस पाहता तो महिना उचलण्यात शहाणपण नाही. दिवाळी आटोपून आभाळ निवळले की मार्गशीर्षातील एखादी शनिवारची रात्र धरावी आणि दरवर्षी तीच ठेवावी. त्या रात्री कोणी किती देश गाठले याला दुय्यम महत्त्व आहे. तार कोणी बांधली, नोंदवहीत वेळा कोणी टिपल्या, पहाटे तीन वाजता पेज कोणी आणली, यावरून मंडळाची प्रकृती कळते.

दुसरी गोष्ट हातांना काम. विकतचे परदेशी यंत्र आणले की माणूस दोन महिन्यांत त्याची सारी बटणे शिकतो आणि तिसऱ्या महिन्यात कंटाळतो. स्वतः जोडलेले यंत्र मात्र बिघडते, कुरकुरते, रात्री जागवते. म्हणूनच ते माणसाला धरून ठेवते. या बाबतीत हैदराबादच्या अश्हर फरहान यांचे उपकार मोठे आहेत. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी ‘बिटएक्स’ नावाच्या प्रेषक-ग्राहक यंत्राची रचना प्रसिद्ध केली. साध्या बाजारात मिळणारे ट्रान्झिस्टर, क्रिस्टल आणि प्रतिरोध यांवर ते उभे राहते; प्रारंभीच्या आवृत्तीत तर काही वेटोळी गुंडाळण्यासाठी नळाच्या वायसरांचा उपयोग केला होता. ही रचना त्यांनी कोणासही मोकळेपणे वापरू दिली आणि ती देशोदेशी बांधली गेली. प्रत्येक सभासदाने एका हिवाळ्यात असे एक यंत्र बांधावयाचे असे मंडळाने ठरविले, तर दर शनिवारी जमण्यास निराळे निमित्त लागणार नाही. कोणाचे तरी यंत्र त्या आठवड्यात मुके असेलच.

तिसरी गोष्ट, गावाने पाहावे असे काम. गंगासागरच्या मेळ्यात पश्चिम बंगालचे हौशी रेडिओवाले आपली केंद्रे मांडतात आणि हरवलेल्या यात्रेकरूंची त्यांच्या आप्तांशी गाठ घालून देतात. दरवर्षी मेळा येतो, दरवर्षी माणसे हरवतात, म्हणून दरवर्षी त्या मंडळाला काम असते. आमच्या जत्रांना गर्दी थोडी होत नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराईदेवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. हौशी रेडिओ असता तर ते टळले असते, असे म्हणण्याचा अगोचरपणा आम्ही करणार नाही. परंतु जत्रेच्या वाटेवरील चार वळणांवर शिस्तीने बोलणारी चार माणसे अधिकाऱ्यांच्या परवानगीने उभी राहिली, तर देवस्थान समित्या त्यांना नको म्हणतील असे वाटत नाही. बोलण्याची शिस्तही अशाच ठिकाणी लागते: थोडक्यात बोलावे, ऐकलेले परत वाचून दाखवावे, दुसरा बोलत असता बटण दाबू नये. ही शेवटची शिस्त आमच्या विधिमंडळांनाही उपकारक ठरावी.

किनाऱ्यावरील मंडळांना निसर्गाने आणखी एक देणगी दिली आहे आणि तिच्याकडे आमचे फारसे लक्ष गेलेले नाही. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर उष्ण व कोरड्या हवेचा थर दमट हवेवर पसरतो आणि ज्या अतिलघु लहरी एरव्ही क्षितिजापर्यंत जाऊन संपतात त्या या दोन थरांच्या सांध्यात सापडून पन्हळीतून पाणी वाहावे तशा दूरवर वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या रडारवर हजार मैलांहूनही दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते, ते याच कारणाने. फेब्रुवारी ते मे या काळात रोज सकाळी व तिन्हीसांजेला दूरची कोणती केंद्रे ऐकू आली, याची साधी नोंद एखाद्या मंडळाने दहा वर्षे ठेवली, तर तिला शास्त्रीय मोल येईल. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, नेम लागतो. आणि नेम असणारी निवृत्त माणसे प्रत्येक गावात आहेत.

आता नव्यांविषयी. परीक्षेस वयाची अट अवघी बारा वर्षांची आहे, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते. परंतु परीक्षा आणि परवाना यांमध्ये जाणारा काळ हा या छंदाचा जुना शत्रू आहे. मुलगा उत्तीर्ण होतो, कागदाची वाट पाहतो, आणि कागद हाती पडेपर्यंत दुसऱ्याच कशात रमतो. कार्यालयाचा वेग मंडळाच्या हाती नाही, मधला काळ मात्र आहे. त्या मुलाला ऐकावयास बसवावे, तार कापावयास लावावे, मोर्सचे ठोके शिकवावेत, डोंगरावर नेऊन लपविलेला प्रेषक शोधण्याच्या खेळात धावडावे. जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावरील शुभांशु शुक्ला यांच्याशी भारतीय विद्यार्थी हौशी रेडिओवरून बोलले. आपल्या गल्लीतील एक काका त्याच प्रकारच्या यंत्राशी खेळतात, हे तेव्हा किती मुलांना माहीत होते? शिकवणीविषयीही एक सांगावेसे वाटते. परीक्षा इंग्रजीतून असली तरी वर्ग मराठीतून वा कोकणीतून घ्यावा. रोध आणि अनुनाद मातृभाषेत कळलेला मुलगा इंग्रजी प्रश्नाला डगमगत नाही. पाठ केलेला मात्र पहिल्याच आडव्या प्रश्नाला अडखळतो.

ज्येष्ठांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हौशी रेडिओवाला निवर्तला की त्याची कळ मूक झाली, असे त्याचे सोबती म्हणतात. नंतर महिन्याभरात त्याची यंत्रे भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसतात आणि चाळीस वर्षांच्या नोंदवह्या व परदेशांतून आलेली संपर्काची रंगीत पत्रे रद्दीत जातात. घरच्यांचा त्यात अपराध नसतो. त्या पेटाऱ्याचे काय करावयाचे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मंडळाने हयातीतच अशा सभासदाकडे एखाद्या मुलाला दर रविवारी पाठवावे. वृद्धाला ऐकणारा मिळेल आणि मुलाला यंत्र. शिवाय कोणती तार कोठे जोडायची, ही कोणत्याही पुस्तकात नसलेली माहिती घरात उरेल.

यासाठी पैसा किती लागतो, असे कोणी विचारील. चाळीस मीटर पट्ट्यावर बोलावयाचे तर अँटेना सुमारे वीस मीटर लांब लागते, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. किनाऱ्यावर मनोरा उभारण्याचेही कारण नाही. तेवढ्या अंतरावर दोन माड कोठेही मिळतात. माड वाऱ्यावर डोलतो हे लक्षात घेऊन एका टोकाला कप्पी व वजन बांधावे, नाहीतर पहिल्याच झोताला तार तुटते. गडगडाट ऐकू येताच तार यंत्रापासून सोडवावी. एका रात्रीला गाडीची एक बॅटरी पुरते. माडावर चढणारा पाडेली तेवढा आधी ठरवून ठेवावा. हल्ली परवान्यापेक्षाही तो दुर्मिळ झाला आहे.