सरी, वरंबा आणि भिंग

ओंटारियो सरोवराच्या उत्तर काठावरच्या व्हिटबीत, किंबहुना साऱ्या कॅनडात, त्वचेच्या कर्करोगाची गोष्ट उन्हापासून सुरू होते आणि बहुधा उन्हापाशीच थांबते. त्याला कारणही आहे. अतिनील किरणांचा जो निर्देशांक आता जगभरच्या हवामानवृत्तात सांगतात, तो कॅनडाच्या पर्यावरण खात्यातल्या शास्त्रज्ञांनी तयार केला आणि १९९२ साली तो देशभर जाहीर होऊ लागला. गोऱ्या त्वचेच्या माणसांचे या इशाऱ्याने भले झाले. टोरांटोच्या पूर्वेला पसरलेल्या या उपनगरांतल्या मराठी घरांना मात्र तो अपुरा पडतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग क्वचितच होतो, पण झालाच तर पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपायावर, तळहातावर, नखाखाली. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली सापडलेला मेलॅनोमा याच जातीचा होता. १९८१ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते त्याच आजाराने गेले. डर्मोस्कोप हे उपकरण आपल्या उपयोगी पडते ते मुख्यतः या दुर्लक्षित जागांवर, आणि तेही त्यातून पाहणाऱ्याला सावळी त्वचा ओळखीची असेल तरच, असे माझे म्हणणे आहे.

उपकरण मुठीत मावणारे आहे. साधारण दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि त्याभोवती दिव्यांचे कडे. पण मोठे दाखवणे हा त्याचा खरा गुण नव्हे, ते साध्या भिंगालाही जमते. त्वचेवर पडलेला प्रकाश सगळ्यात वरच्या मृत पेशींच्या थरावरून उलटा फिरतो आणि त्या चकाकीआड खालचे सारे झाकले जाते. जेल लावून काच टेकवली, किंवा दिवे आणि भिंग यांच्यापुढे एकमेकींना काटकोनात ध्रुवण-गाळण्या बसवल्या, की चकाकी नाहीशी होते आणि बाह्यत्वचेपासून अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंतची रचना दिसू लागते. मग रंगच खोली सांगतो. त्वचेतले मेलॅनिन अगदी वर असेल तर काळे दिसते, थोडे खाली तपकिरी, त्याहून खाली राखाडी आणि खोलवर निळे. योहान सफीर यांनी १९२० च्या सुमारास या तपासणीला नाव दिले, पण काळ्या डागांसाठी ती शिस्तशीर पद्धत झाली ती १९८७ नंतर, व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी डागांतल्या आकृतिबंधांचे वर्गीकरण मांडले तेव्हा. सुरुवातीचे मोठे आणि अवजड सूक्ष्मदर्शक खिशात मावेपर्यंत मधली दशके गेली.

याने निदान खरेच सुधारते का? वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात याचे सर्वात भक्कम उत्तर आहे. निरुपद्रवी डागांपैकी शेकडा २० डागांवर उगीच संशय येतो, इतके प्रमाण दोन्हीकडे सारखे धरले, तर नुसत्या डोळ्यांनी १०० पैकी ७६ मेलॅनोमा ओळखले जातात आणि डर्मोस्कोपने ९२. पण शिक्षण नसेल तर हा फायदा मिळत नाही, हे २००२ सालच्या एका मोठ्या विश्लेषणातच दिसले होते. यावर कोणी म्हणेल की मग हे तज्ज्ञांचेच काम. ओंटारियोत तज्ज्ञापर्यंतची वाट फॅमिली डॉक्टरच्या रेफरलमधून जाते, म्हणून हा आक्षेप महत्त्वाचा आहे. पहिली नजर तज्ज्ञाची नसतेच. बार्सिलोना आणि नेपल्समध्ये फॅमिली डॉक्टरांना एका दिवसाचे शिक्षण दिले गेले. त्यानंतर ज्यांनी डर्मोस्कोप वापरला त्यांनी सुमारे ७९ टक्के घातक डाग पुढे पाठवले, ज्यांनी वापरला नाही त्यांनी ५४ टक्के. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला वरच्या सगळ्या यंत्रवर्णनापेक्षा मोलाचा वाटतो.

आता त्या दुर्लक्षित जागांकडे वळू. तळपायाची त्वचा ही शेताच्या सरी-वरंब्यासारखी असते: उंच रेघा म्हणजे वरंबे आणि त्यांच्यामधल्या खोल रेघा म्हणजे सऱ्या. वरंब्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके माळेसारखे दिसतात, सरीत ते नसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत साठतो, मेलॅनोमाचा वरंब्यावर. जपानमधल्या तोशिआकी साइदा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हे मोजून दाखवले. वरंब्यावरच्या रंगाची खूण ८६ टक्के मेलॅनोमांत आढळली, आणि निरुपद्रवी तिळांत जवळपास कधीच नाही. कोणती रेघ कोणती हे कळेना, तर पेनाची शाई लावून पुसून घेतात. ती सरीतच उरते. एरवी मेलॅनोमाच्या डागाला लोक कुरूप, चामखीळ, बुरशी किंवा ठेच लागून साकळलेले रक्त समजून महिनोन्महिने काढतात. मेलॅनोमाची जाडी एक मिलिमीटरच्या आत असताना तो काढला तर बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणून ते महिने फार महाग पडतात.

इथे एक गंभीर हरकत आहे. साइदा यांचे आकडे जपानी रुग्णांचे आहेत. अधिक सावळ्या माणसांच्या तळव्यांवर निसर्गतःच ठिकठिकाणी काळसर चट्टे असू शकतात आणि ते कधी वरंब्यावरच दिसतात. ठेचेचे रक्त किंवा केसांच्या रंगातल्या रसायनाचा डागही तीच आकृती काढू शकतो. नखांवरच्या उभ्या काळ्या रेघांचेही तसेच: अनेक नखांवर असतील तर आपल्यात त्या बहुधा साध्या असतात. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंदावत जाणारी, नखाच्या मुळाकडच्या कातडीपर्यंत पसरलेली रेघ मात्र ताबडतोब दाखवायची. म्हणजे खूण चुकीची नाही, पण ती डागाची संख्या, वय आणि बदल यांच्याबरोबर वाचावी लागते. शेवटचा निर्णय बायॉप्सीचाच.

दुसरी हरकत अशी की हे दुखणे इतके दुर्मिळ आहे तर भीती कशाला पसरवायची? भारतात मेलॅनोमाचे प्रमाण लाखात एकाहून कमी आहे, तेव्हा धडधाकट माणसांची सरसकट तपासणी करण्याची मागणी मीही करणार नाही. पण बदलणारा डाग असलेला माणूस सरासरीतला राहत नाही. त्याने मोजे काढून तळवा दाखवावा आणि डॉक्टरने तो पाहावा, एवढेच मागणे आहे.

राहिला डागाचा फोटो पाहून निदान सांगणाऱ्या फोनवरच्या कृत्रिम बुद्धीचा प्रश्न. तिला शिकवायला वापरलेल्या प्रसिद्ध चित्रसंग्रहांपैकी एक १०,०१५ चित्रांचा आहे आणि ती चित्रे व्हिएन्ना व क्वीन्सलँड इथली, म्हणजे मुख्यतः गोऱ्या त्वचेची आहेत. २०२२ साली अमेरिकेत विविध वर्णांच्या त्वचेवर अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांचे निदान ढासळलेले दिसले. दरम्यान भारतातले त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने केसगळती, लायकेन प्लॅनस, कोड आणि कुष्ठरोग पाहतात. सावळी त्वचा या भिंगाखाली कशी दिसते याची त्यांची सवय तिथून आली आहे, आणि कॅनडातल्या प्रशिक्षणात ती घ्यायलाच हवी. व्हिटबीतल्या फॅमिली डॉक्टरला ई-कन्सल्टवरून त्वचारोगतज्ज्ञाचे मत मागवता येते. त्यासोबत डर्मोस्कोपमधून काढलेला तळव्याचा फोटो, डाग पहिल्यांदा कधी दिसला आणि तेव्हापासून किती वाढला हे लिहून पाठवले, तर तज्ज्ञाला रुग्ण समोर नसतानाही त्याला आधी बोलवायचे की नाही हे ठरवता येईल.