पेशींना उपास घडवणारं आंबट

एप्रिल-मे महिन्यात मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या खळ्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम चालतं. साली एकीकडे, बिया दुसरीकडे. गराच्या रसात मीठ घालून साली त्यात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा पसरायच्या. असं काही दिवस चाललं की काळपट लाल, मऊ सोलं, म्हणजेच आमसुलं, तयार होतात. वळवाचा पाऊस कोसळायच्या आत हे सगळं उरकायचं असतं. बियांतून निघणारं कोकमतेल टाचांच्या भेगांवर लावायला ठेवतात आणि साल वर्षभर कढीत, सारात, तिवळात पडत राहते.

या सालीत दोन रेणू आहेत, आणि त्यांची गोष्ट माणसाच्या म्हातारपणाशी जाऊन भिडते.

पहिला रेणू हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, म्हणजे आमसुलाचा आंबटपणा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकांतन यांनी 1965 साली कोकमाच्या एका दाक्षिणात्य भावंडाच्या फळात हे आम्ल ओळखलं. केरळात मासळीच्या कालवणात घालतात तेच ते फळ. दुसरा रेणू पिवळा, पाण्यात न विरघळणारा गार्सिनॉल. कोकमाच्या सालीतल्या या रेणूची रचना त्याच संस्थेतून 1981 साली पुढे आली. तेव्हा त्याचा वयाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

संबंध कळायला पेशीच्या आत जावं लागतं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो. रिळांवर अ‍ॅसिटिल नावाचे बारीकसे रासायनिक गट चिकटले की गुंडाळी सैल होते आणि तिथली जनुकं वाचली जातात. ते निघाले की गुंडाळी घट्ट बसते. हे गट चिकटवणाऱ्या विकरांपैकी एकाचं नाव पी-300. वय वाढतं तसा या चिकटवण्या-काढण्याचा तोल बिघडत जातो. जनुकांवर बसलेल्या अशा रासायनिक खुणांवरून शरीराचं वय सांगता येतं, हे स्टीव्ह होर्व्हाथ यांनी 2013 साली दाखवलं. त्यांनी वेगळ्या जातीच्या खुणा वापरल्या होत्या, डीएनएवरच्या 353 ठिकाणच्या मिथिल गटांच्या. जन्मदाखल्यावरचं वय आणि पेशींचं वय एकच असतं असं नाही, ही कल्पना तिथून सर्वदूर पोचली.

आता कोकम. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या प्रयोगशाळेने 2004 साली दाखवून दिलं की गार्सिनॉल पी-300चं काम रोखतो. आणि हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल काय करतं? अ‍ॅसिटिल गट पुरवणारा कच्चा माल पेशी सायट्रेट फोडून मिळवते, आणि तो माल तयार करणाऱ्या विकरालाच हे आम्ल अडवतं. एक रेणू माल कमी करतो, दुसरा चिकटवणाऱ्याचा हात धरतो. एकाच सालीत एकाच कामाला दोन टोकांनी लगाम घालणारे दोन रेणू, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो.

पोट भरलेलं असलं की पेशीत हा कच्चा माल भरपूर असतो, उपाशी राहिलं की तो घटतो. घटला की पेशी स्वतःतला कचरा, मोडकी प्रथिनं, जुने भाग मोडून पुन्हा वापरायला लागते. या स्वच्छतेचा उलगडा करणाऱ्या योशिनोरी ओहसुमी यांना 2016चं नोबेल मिळालं. वयानुसार ही स्वच्छता मंदावते. पॅरिसमधल्या गिदो क्रोमर यांच्या गटाने 2014 साली हायड्रॉक्सीसिट्रेट दिलेल्या उंदरांच्या पेशींत ती वाढलेली पाहिली. उपास न करता उपासासारखा परिणाम! आपल्याकडे उपासाच्या दाण्याच्या आमटीत चिंच चालत नाही म्हणून आमसूल घालणारी घरं कितीतरी आहेत.

इथे मात्र ठामपणे थांबायला हवं. उंदरांना ते आम्ल शुद्ध रूपात, मोठ्या मात्रेत दिलं होतं. सोलकढीने माणसाचं जैविक वय मागे गेलं, असा पुरावा नाही. वजन उतरवण्यासाठी हेच आम्ल 135 लोकांवर 12 आठवडे तपासलं गेलं आणि 1998 साली निकाल आला तो निष्फळ: खोट्या गोळीपेक्षा त्याने जास्त वजन उतरलं नाही. त्याच्या अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून तारुण्याच्या नावाने कुणी कोकमाचा अर्क विकत असेल तर तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जेवणातलं सोल वेगळं आणि रोज गिळलेला सांद्र अर्क वेगळा.

पण नवल इथे संपत नाही. कुंडू यांच्याच प्रयोगशाळेने 2003 साली पी-300ला अडवणारा आणखी एक रेणू शोधला होता, अ‍ॅनाकार्डिक आम्ल. ते येतं काजूच्या टरफलातल्या तेलातून. वेंगुर्ल्याकडे काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावतात ते ज्याच्या भाजण्यापासून वाचायला, तेच हे तेल. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, कोकम सह्याद्रीचं घरचं झाड. दोन्ही झाडांचं कुळ वेगळं, खंड वेगळा, आणि आज सिंधुदुर्गातल्या एकाच बांधावर ती शेजारी उभी दिसतात. झाडांनी हे रेणू आपल्यासाठी घडवलेले नाहीत. तरी दोघांनी केलेले रेणू आपल्या पेशीतल्या त्याच विकराला जाऊन धरतात.

त्याच प्रयोगशाळेला 2004 साली सापडलेला, पी-300ला अडवणारा तिसरा रेणू होता कर्क्युमिन, हळदीतला. बांगड्याच्या कालवणात हळद आधी पडते, सोलं मागाहून.