पदवीधर आणि त्याचे विद्यालय

पदवीदान समारंभ आटोपला, भाड्याचा झगा परत गेला आणि छायाचित्र भिंतीवर लागले, की आपल्याकडे बहुतेकांच्या लेखी विद्यापीठाशी असलेला संबंध संपतो. पुढे कधी प्रमाणपत्राची दुसरी प्रत हवी झाली, तर खिडकीपाशी उभे राहावे लागते, तेवढाच काय तो. अमेरिकेत हे नाते पदवीनंतरच खऱ्या अर्थाने सुरू होते, असे म्हटले तरी चालेल. त्यामागे निव्वळ जिव्हाळा आहे असे मात्र कोणी समजू नये. तेथील मोठमोठी खाजगी विद्यापीठे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर पोसली गेली आहेत, आणि ज्याच्या खिशातून पैसा यायचा त्याची विचारपूस करीत राहणे हा व्यवहार झाला. पण येथे विचार करावयाचा आहे तो एका विशिष्ट प्रकारच्या विद्यालयाचा, म्हणजे जेथे राज्यकारभार आणि सार्वजनिक धोरण शिकवले जाते त्या विद्यालयाचा. तेथून बाहेर पडलेल्या पदवीधराचे नाते इतरांहून वेगळे असते, आणि त्याची किंमत पैशात करता येत नाही.

वेगळे का, ते पाहू. अभियंता चांगला शिकला की नाही हे त्याने बांधलेला पूल सांगतो. वैद्याचे शिक्षण रोगी सांगतो. सार्वजनिक कारभाराचे विद्यालय मात्र आपल्या दारावर एक वचन लिहून ठेवते, की येथे लोकसेवेसाठी माणसे तयार केली जातील. हे वचन पाळले गेले की नाही, हे परीक्षेच्या गुणांवरून ठरत नाही. दहा-वीस वर्षांनी ती माणसे कोठे बसली आहेत आणि तेथे काय करीत आहेत, यावरूनच ते ठरते. म्हणजे या विद्यालयाचा हिशेब त्याच्या पदवीधरांच्या आयुष्यात मांडलेला असतो. त्यांनी पाठ फिरवली, तर विद्यालयाला स्वतःचा ताळेबंदसुद्धा कळावयाचा नाही.

अशा विद्यालयाची अमेरिकेतील पायाभरणीच एका माजी विद्यार्थ्याने केली. जॉर्ज मॅक्सवेल हा सिरॅक्यूज विद्यापीठाचा १८८८ चा पदवीधर. बोस्टनला पेटंटची वकिली करून त्याने पैसा मिळवला आणि नागरिकत्व व सार्वजनिक कारभार शिकवणारे विद्यालय काढण्यासाठी आपल्या जुन्या विद्यापीठाला पाच लाख डॉलर दिले. १९२४ मध्ये मॅक्सवेल विद्यालय सुरू झाले. नगरपालिकांच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका संस्थेने १९११ पासून लोकसेवेच्या शिक्षणाचा एक वर्ग चालवला होता. तो उचलून या नव्या विद्यालयात आणण्यात आला. मॅक्सवेलच्या इमारतीत प्राचीन अथेन्सच्या तरुणांची शपथ भिंतीवर कोरलेली आहे. नगर आपल्या हाती आले त्याहून चांगले करून पुढल्यांच्या हाती द्यावे, असा तिचा आशय.

या विद्यालयाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९४७ ते १९५६ या काळात तेथे अधिष्ठाता असलेले पॉल ॲपलबी यांना भारत सरकारने पाचारण केले आणि १९५३ मध्ये त्यांनी आपल्या प्रशासनाची पाहणी करून अहवाल दिला. त्यातूनच १९५४ साली दिल्लीला भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. कारभार हाही शिकण्याचा विषय आहे, ही गोष्ट आपल्या सचिवालयांना तेव्हा थोडी नवीनच होती.

परंतु पदवीधर आणि विद्यालय यांच्या नात्यात किती पेच असू शकतात, हे पाहावयाचे तर प्रिन्स्टनला जावे लागते. तेथील सार्वजनिक व आंतरराष्ट्रीय कारभाराचे विद्यालय १९३० साली निघाले. १९४८ मध्ये त्याला वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले. विल्सन स्वतः प्रिन्स्टनचे १८७९ चे पदवीधर, पुढे तेथेच प्राध्यापक, १९०२ पासून आठ वर्षे विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९१३ पासून देशाचे राष्ट्राध्यक्ष. विद्यापीठाने राष्ट्राच्या सेवेत असावे हे सूत्र त्यांनी १८९६ च्या एका भाषणात मांडले, आणि ते प्रिन्स्टनचे ब्रीदच होऊन बसले.

१९६१ साली या विद्यालयाला साडेतीन कोटी डॉलरची देणगी आली. देणारा कोण हे गुप्त होते. १९७३ मध्ये नाव बाहेर आले : चार्ल्स रॉबर्टसन, १९२६ चा पदवीधर, आणि त्याची पत्नी मेरी. मेरी ही ए अँड पी या प्रसिद्ध किराणा दुकानांच्या साखळीच्या मालक घराण्यातली, आणि देणगी त्याच कंपनीच्या भागांच्या रूपात दिलेली होती. गिऱ्हाइकांनी चहा-साखरेसाठी मोजलेला पैसा असा परराष्ट्र खात्यातील माणसे घडवण्याच्या कामी लागला! हेतू लेखी नमूद केलेला होता. तरुण-तरुणींना सरकारी सेवेसाठी, विशेषतः आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या क्षेत्रात, तयार करावे. निधी सांभाळण्यासाठी वेगळे प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या मंडळावर सात जण : चार विद्यापीठाने नेमलेले, तीन कुटुंबाने. चार आणि तीन हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. दान देणारा भाबडेपणाने देतो, पण बहुमत कोणाचे हे घटनेतच ठरून गेलेले असते.

या पैशातून विद्यालय वाढले. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे वास्तुशिल्पी मिनोरू यामासाकी यांनी त्याची पांढऱ्या खांबांची इमारत उभारली. मे १९६६ मध्ये तिच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन स्वतः आले आणि सत्ता व विद्वान यांच्या संबंधांवर बोलले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. निषेध करणारेही आवारात हजर होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शुल्क माफ, शिवाय राहण्या-जेवण्याचा खर्च, अशी व्यवस्था झाली. लोकसेवेत पगार थोडा मिळणार, तेव्हा विद्यार्थ्याने कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडू नये, हा त्यामागचा विचार. माझ्या मते त्या देणगीचे सर्वात शहाणे फळ हेच होय. कर्जबाजारी पदवीधराला लोकसेवेचे व्याख्यान देऊन काय उपयोग?

चार्ल्स रॉबर्टसन १९८१ मध्ये वारले. २००२ साली त्यांच्या मुलांनी विद्यापीठावर दावा लावला. मुलगा विल्यम हा स्वतः प्रिन्स्टनचा १९७२ चा पदवीधर. म्हणजे एका पदवीधराने दिलेल्या दानाचा जाब दुसरा पदवीधर आपल्याच विद्यापीठाला विचारीत होता. तक्रार मुख्यतः दोन प्रकारची. एक, या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांपैकी फारच थोडे संघराज्याच्या सरकारी सेवेत जातात. आणि दोन, प्रतिष्ठानचा पैसा विद्यापीठाच्या इतर कामांकडे वळवला जातो. विद्यापीठाचे म्हणणे असे, की लोकसेवा म्हणजे केवळ वॉशिंग्टनची कचेरी नव्हे. जग बदलले, आंतरराष्ट्रीय संघटना आणि सेवाभावी संस्था यांतही तेच काम चालते. आणि काय शिकवावे, कसे शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा, देणगीदाराच्या वारसांचा नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. सेवाभावी संस्थेत काम करणारा मनुष्य लोकसेवक नव्हे असे कोण म्हणेल? पण शब्दाचा अर्थ इतका ताणावा, की कोणतीही नोकरी त्यात बसावी, हेही खरे नव्हे. उलटपक्षी, पैसा दिला म्हणून पाठ्यक्रमावर पिढ्यान्‌पिढ्या हुकूम चालवावा, हे विद्यापीठाच्या स्वातंत्र्याला मारक आहे. खटला सहा वर्षे चालला. डिसेंबर २००८ मध्ये तडजोड झाली. तोवर मूळचे साडेतीन कोटी वाढत वाढत नव्वद कोटी डॉलरच्या आसपास गेले होते. प्रतिष्ठान विसर्जित झाले आणि निधी विद्यापीठाकडे गेला. कुटुंबाचा कायदेशीर खर्च म्हणून चार कोटी डॉलर द्यावे लागले, आणि सरकारी सेवेसाठी विद्यार्थी तयार करणाऱ्या कुटुंबाच्या नव्या संस्थेसाठी आणखी पाच कोटी. एकट्या वादींच्या वकिलांवर झालेला खर्च मूळ देणगीच्या आकड्याहून मोठा होता. साठच्या आणि दोन हजारच्या डॉलरची किंमत वेगळी हे खरे, तरी आकडा डोळ्यांत भरतो.

तुमचे पदवीधर गेले कुठे? हा रॉबर्टसन कुटुंबाचा प्रश्न मला योग्य वाटतो. तो विचारण्याची जागा चुकली. न्यायालय देणगीपत्रातील शब्दांचा अर्थ लावील, फार तर हिशेब तपासील. लोकसेवेची व्याख्या काय, हे त्याने कसे सांगावे? तो प्रश्न विद्यालयाच्या शेकडो पदवीधरांनी मिळून, वर्षानुवर्षे, विद्यालयाच्या आतच विचारावयास हवा होता. पैशाची बाजू गप्प बसत नाही, ती वकील करते. ज्यांच्यापाशी अनुभव आहे पण कोटी नाहीत, ते गप्प राहिले म्हणजे विद्यालयाशी बोलणारा देणगीदारच तेवढा उरतो.

आता, आतून बोलण्याचे मार्ग कोणते? काही अगदी साधे आहेत. प्रिन्स्टनच्या या विद्यालयात दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी गटाने एखाद्या खऱ्या सरकारी खात्याचा किंवा संस्थेचा प्रश्न हाती घेतात आणि सत्राच्या शेवटी त्यावर लेखी सल्ला देतात. अशा कचेरीत आधीचा एखादा विद्यार्थी बसलेला असला, की काम निराळेच होते. कोणती शिफारस कागदावर गोंडस दिसते आणि टेबलावर तीन दिवसही टिकत नाही, हे तो सांगू शकतो. याखेरीज निदान सात वर्षे नोकरी केलेल्यांसाठी एक वर्षाची वेगळी पदवी आहे. ती घेणारे लोक शिकावयास येतात तितकेच शिकवावयासही येतात. वर्गातल्या चर्चेत फायलीचा वास आणणारे तेच.

दुसरा मार्ग कारभारातल्या जागेचा. प्रिन्स्टनच्या विश्वस्त मंडळावर माजी विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले विश्वस्त असतात, हे आपण समजू शकतो. पण १९६९ साली, युद्धावरून विद्यापीठे धुमसत असताना, त्यांनी आणखी एक पायंडा पाडला. दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या वर्गातील एकाला चार वर्षांसाठी विश्वस्त म्हणून निवडावयाचे. मतदार कोण? तोच वर्ग, त्याच्या खालचा वर्ग आणि नुकतेच बाहेर पडलेले दोन वर्ग. बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कोट्यवधींच्या निधीचा विचार करणाऱ्या टेबलाशी बसते. विद्यार्थी असताना काय टोचत होते, हे तिला अजून आठवत असते, हाच तिचा अधिकार.

आणि तिसरा प्रसंग नावाचा. विल्सन राष्ट्राध्यक्ष असताना सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याची पद्धत बळावली. प्रिन्स्टनचे अध्यक्ष असतानाही काळ्या विद्यार्थ्यांना त्यांनी दाराशीच नाउमेद केले होते. २०१५ च्या नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कचेरीत ठिय्या दिला. विश्वस्तांनी समिती नेमली आणि माजी विद्यार्थ्यांचीही मते मागवली. २०१६ मध्ये निर्णय झाला, नाव ठेवावे. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर देश पेटला असता, त्याच मंडळाने नाव काढले. लोकसेवा शिकवणाऱ्या विद्यालयाने ज्याचे नाव मिरवावे त्याने कोणत्या लोकांची सेवा केली, हा प्रश्न असा शंभर वर्षांनी दारात आला.

पुण्यातील वाचकांना १९३० या सनावरून आठवण झाली असेल. त्याच वर्षी सातारचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाने गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुणे शहराची घरोघर जाऊन केलेली पाहणी हे त्या संस्थेचेच काम. देणगीदाराची स्मृती तेथे काळे व्याख्यानांच्या रूपाने राहिली. खटल्यापेक्षा व्याख्यान बरे, असे या व्यासपीठावरून म्हणावयास हरकत नसावी.

आपल्याकडे पदवीधराला विद्यापीठात शब्द नाही, असे मात्र नाही. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने मुंबई विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांना सिनेटवर प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले दहा सदस्य असतात : पाच खुल्या जागा, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त जमाती, इतर मागासवर्ग व महिला यांची एकेक. ही अधिसभा विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर चर्चा करते. सदस्याला तेथे प्रश्न विचारता येतो. आपल्या विद्यापीठातील राज्यशास्त्राचा किंवा लोकप्रशासनाचा विभाग कसा चालला आहे, त्यातील किती जागा रिकाम्या आहेत, तेथून बाहेर पडलेली मुले कोठे गेली, हे विचारण्याची ही हक्काची जागा.

मुंबई विद्यापीठ दरवर्षी एक लाखाहून अधिक पदव्या देते. २०२४ च्या सप्टेंबरात तेथे या दहा जागांची निवडणूक झाली, तेव्हा मतदारयादीत नावे होती तेरा हजारांच्या आसपास. पदवी मिळाली म्हणून या यादीत नाव आपोआप चढत नाही. मुदतीत अर्ज करावा लागतो, पदवी-प्रमाणपत्र जोडावे लागते.