वागळ्यांच्या घरातील राधिका

१९८८ साली दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना हिंदी मालिकेत आपल्यासारखेच एक घर भेटले. कल्पना आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचे. वागळे साकारणारे अंजन श्रीवास्तव अमराठी. त्या संसाराला मराठी वळण लाभले ते पत्नी राधिका झालेल्या भारती आचरेकरांमुळे.

गायिका माणिक वर्मा यांची ही कन्या ‘हमीदाबाईची कोठी’सारख्या नाटकांतून रंगभूमीवर घडली. मालिकेचे नाव नवऱ्याचे, अडचणीही त्याच्याच. राधिकेच्या वाट्याला त्याला सांभाळून घेणे आले. त्रासिक स्वरात सुरू झालेले तिचे वाक्य मायेवर येऊन थांबे.

या स्वराचे सामर्थ्य ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटात कळले. वरच्या मजल्यावरील देशपांडे काकू पडद्यावर दिसतच नाहीत. केवळ आवाजातून त्यांची पाककला, शेजारधर्म आणि वर्षानुवर्षे शुद्ध हरपलेल्या पतीची सेवा प्रत्ययास येते.

२०२१ साली वागळे नव्या पिढीसह परतले, तेव्हा राधिकेच्या जागी दुसरी कोणी आली नाही. आजी झालेली राधिकाही भारतीबाईंनीच रंगविली. दुय्यम म्हणविल्या जाणाऱ्या भूमिकेला याहून मोठा मान कोणता?