इमारतींच्या सेवा आणि संगणकाचे गणित

इमारत बांधून पुरी झाली, की पाहणारा तिच्या दर्शनी भागाचे कौतुक करतो. परंतु तिच्यात दिवसाचे आठ-दहा तास काढणाऱ्याचे सुख ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्या बहुधा भिंतींच्या आड आणि छताच्या वर दडलेल्या असतात. पाण्याचे नळ, सांडपाण्याची वाट, विजेच्या तारा, हवा वाहून नेणारे पत्र्याचे मार्ग, आग विझविण्याची व्यवस्था, या साऱ्यांना मिळून इमारतीच्या सेवा असे म्हणतात. त्यांची आखणी हे अभियांत्रिकीचे एक स्वतंत्र अंग असून आज ते काम मुख्यतः संगणकावर चालते. या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्या तरुण अभियंत्याने त्याचा आरंभ कसा करावा, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

वातानुकूलनाचेच उदाहरण घ्यावे. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आवरणारी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. त्यानंतर कित्येक दशके असले हिशेब कोष्टके व आलेख समोर ठेवून कागदावरच होत. १९७३ च्या तेलटंचाईने ऊर्जेच्या काटकसरीची निकड भासू लागली आणि त्या दशकात अमेरिकेत डीओई-२ व ब्लास्ट या संगणकीय आज्ञावली तयार झाल्या. त्या दोहोंच्या अनुभवावर उभारलेली एनर्जीप्लस ही आज्ञावली २००१ साली बाहेर आली. ती विनामूल्य मिळते. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला इमारतीत किती उष्णता शिरते आणि किती बाहेर काढावी लागते, याचा हिशेब अशी आज्ञावली मांडते. रेव्हिटसारख्या दुसऱ्या जातीच्या आज्ञावलीत नळ व हवेचे मार्ग त्रिमितीत रेखाटले जातात आणि एखादा मार्ग तुळईवर आदळत असेल, तर ते बांधकामापूर्वीच कळते.

साधने इतकी समर्थ असली, तरी नवशिक्याने पहिल्याच दिवशी दहा मजली इमारत संगणकाला सांगू नये. त्याने एकच खोली घ्यावी आणि तिचा हिशेब आधी कागदावर करावा. समजा, सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा कचेरीत दहा माणसे बसतात. बसून काम करणारा माणूस सुमारे १३० वॅट उष्णता देतो. दहा जणांची झाली १,३०० वॅट. दिव्यांची ३०० आणि दहा संगणकांची १,००० धरली, तर बेरीज २,६०० वॅट होते. पश्चिमेला चार चौरस मीटरची साध्या काचेची खिडकी असून दुपारच्या उन्हात तिच्यातून दर चौरस मीटरला ५०० वॅट आत येतात असे मानले, तर आणखी २,००० वॅटची भर पडते. एकूण ४,६०० वॅट. शीतकरणाचा एक टन म्हणजे सुमारे ३,५१७ वॅट. तेव्हा भिंती, छप्पर आणि ताजी हवा यांची उष्णता जमेस धरण्यापूर्वीच या खोलीला सुमारे १.३ टनाचे शीतकरण लागते.

आता हीच खोली संगणकाला सांगावी. प्रथम गावाची हवामान-नोंद निवडावी; मग उत्तर दिशा, भिंतीचे थर, काचेचा प्रकार, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा असा क्रम धरावा. उत्तर आले, की ते कागदावरील आकड्याशेजारी ठेवावे. दोहोंत थोडा फरक पडणारच, कारण भिंत दिवसा उष्णता साठवून सावकाश सोडते, हे आज्ञावली जाणते. परंतु फरक फार मोठा असेल, तर चूक शोधलीच पाहिजे. उत्तर दिशा चुकीची दिली गेली, तर पश्चिमेची खिडकी उत्तरेकडे तोंड करून बसते आणि उन्हाचा बराचसा भार हिशेबातून निसटतो. वर दुसरा थंड मजला असताना तेथे उघडे छप्पर आहे असे लिहिले गेले, तर नसलेली उष्णता हिशेबात येते. संगणक यांपैकी कशालाही हरकत घेत नाही. दिलेल्या आकड्यांचे तो निमूटपणे गणित करतो.

दुसरा धोका भीतीपोटी होणाऱ्या वाढीचा आहे. एकाने माणसांत, दुसऱ्याने एकूण भारात आणि तिसऱ्याने यंत्र निवडताना "असू द्यावेत" म्हणून दहा-दहा टक्के वाढवले, म्हणजे यंत्र गरजेपेक्षा बरेच मोठे होते. मुंबईसारख्या दमट शहरात ठरावीक वेगाचे मोठे यंत्र खोली झटपट थंड करून थांबते. हवेतील ओलावा निघण्यास अवधीच मिळत नाही. परिणामी वीज अधिक खर्च होऊनही माणसे थंड पण दमट हवेत अवघडून बसतात. लहान यंत्राचे दुष्परिणाम तर उघडच आहेत, आणि रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया-दालनात ते कोणालाच परवडणारे नाहीत.

भारतात हा विचार अधिकच अगत्याचा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे उष्ण-कोरडे, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण व शीत असे पाच हवामान-विभाग मानले आहेत. दिल्लीसाठी बेतलेला हिशेब बंगळुरूस लागू पडत नाही आणि कोलकात्याचा लेहला. म्हणून नव्या अभियंत्याने आपल्या खोलीचे गाव बदलून पाहावे, मग काच बदलावी, मग खिडकीवर सज्जा घालावा; मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आकडा किती हलतो ते वहीत टिपून ठेवावे. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या, की कोणता आकडा वाजवी आणि कोणता संशयास्पद, हे नजरेला कळू लागते. मग दहा मजली इमारत हाती आली, तरी तिचे उत्तर पारखून घेण्याची कसोटी त्याच्यापाशी असते. आराखड्यावर सही अखेर अभियंत्याचीच होते आणि खोलीत बसणाऱ्याची भिस्त त्या सहीवरच असते.