गळतीच बुजवते गळती

अमेरिकेतल्या एखाद्या साध्या घरात एसी चालू आहे. यंत्र हवा गार करतं आणि डक्ट ती माळ्यावरून, भिंतींच्या पोटातून खोल्यांकडे नेतात. निघालेली सगळी हवा पोचते का? छे! तिथल्या सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ उपक्रमाच्या अंदाजानुसार साधारण घरात २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून, भेगांतून वाटेतच निसटते. म्हणजे उन्हाने तापलेल्या माळ्याला पैसे मोजून गारवा पुरवायचा!

बरं, भेगा नुसती हवा सोडतात असंही नाही. खोलीतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या डक्टमध्ये दाब कमी असतो. त्याला भेग पडली की तो माळ्यावरची धूळ, इन्सुलेशनचे तंतू आत ओढतो. तीच हवा मग बेडरूममध्ये.

मग डक्ट टेप लावा की! १९९८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांनी सांध्यांवर निरनिराळे लेप नि पट्ट्या लावून गरम-थंड हवेचा मारा केला. टिकली नाही ती नेमकी डक्ट टेपच! शिवाय भिंतीआडच्या सांध्यापर्यंत हात पोचणार कसा?

त्याच प्रयोगशाळेत, १९९०च्याच दशकात, मार्क मोडेरा यांनी प्रश्न उलटा केला. भेग शोधायचीच कशाला? हवेला ती आधीच सापडलेली आहे ना!

खोल्यांत उघडणारी डक्टची तोंडं बंद करायची आणि पंख्याने आत हवा कोंबायची. तिच्यात सोडायचे चिकट पॉलिमरचे काही मायक्रॉनचे कण. हवेला आता सुटायला वाट उरते ती फक्त भेगांची.

सरळ डक्टमध्ये कण तरंगत जातात, भिंतींना फारसे चिकटत नाहीत. भेगेपाशी हवा एकदम वळते, आणि कणांना ते वळण झेपत नाही. घाटात एसटी झटकन वळली की उभा प्रवासी खिडकीवर आदळतो, तसे ते भेगेच्या काठावर आदळतात. चिकटतात. त्यांच्यावर पुढचे, त्यांच्यावर आणखी पुढचे. काठ एकमेकांकडे वाढत जातात आणि साधारण दीड सेंटिमीटरपर्यंतचं छिद्र मिटतं! त्याहून मोठ्या भगदाडाला मात्र माणसाचाच हात लागतो.

एक भेग बुजली की हवा उरलेल्या भेगांकडे धावते, कण घेऊन. कारागीर बाहेर संगणकावर गळतीचा आकडा उतरताना पाहत असतो.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत मोडेरांनी हीच युक्ती अख्ख्या इमारतीला लावली. दारं-खिडक्या बंद, आत हवेचा दाब, चिकट धुकं, आणि भिंतींतली प्रत्येक फट आपापला लेप स्वतःच ओढून घेते!