समुद्राविना बंदर

वर्धा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो कोस दूर. तथापि बंदराशी या भूमीचे नाते जुने आहे. १८६७ साली नागपूरला रेल्वे पोहोचण्यापूर्वी या भागातील कापूस बैलतांड्यांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नावांनी कलकत्त्याकडे. वाटेत पावसाने व धुळीने मालाची कळा जाई, ती वेगळीच. रेल्वे आली आणि कापूस मुंबईकडे वळला.

आता सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे येथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने ड्रायपोर्ट योजिले आहे. २०१७ मध्ये कोनशिला बसली, वाहतूक उद्यानाचा करार झाला तो २०२१ मध्ये. बैलतांडाही इतका रेंगाळत नसे!

अशा बंदराची रचना साधी असते: रेल्वेचे सायडिंग, कंटेनर रचण्याचे आवार, गोदामे आणि सीमाशुल्क कचेरी. तपासणी येथेच आटोपून मोहोरबंद कंटेनर न्हावा-शेव्याला जहाजावर चढावा, ही कल्पना.

खरी अडचण रिकाम्या कंटेनरची आहे. विदर्भातून गाठी बाहेर जातील. पण तितका माल परत आला नाही, तर रिकामे कंटेनर आणण्याचे भाडे निर्यातदाराच्याच माथी बसते. मोठा गिरणीमालक ते सोसेल. एकट्याने कंटेनर भरू न शकणारा हिंगणघाटचा लहान जिनिंगवाला मात्र पूर्वीप्रमाणे दलालालाच माल देणार. अनेकांच्या थोड्या थोड्या गाठी एकत्र करून कंटेनर भरण्याची सोय गोदामात हवी आणि तिचे दर आधी जाहीर व्हावेत. सायडिंगची लांबी नंतर मोजली तरी चालेल.